विद्वत्पत्रिकांचे इमान

बाजारात खोटे नाणे आले तर ते ओळखावयास सराफ असतो. तो नाणे हाती घेतो, वाजवून पाहतो, कसोटीवर घासतो आणि मग आपला शब्द देतो. विद्येच्या बाजारात हे सराफाचे काम विद्वत्पत्रिकेकडे आलेले आहे. एखाद्या संशोधकाने नवे काही सिद्ध केल्याचे सांगितले, तर जाणत्यांनी ते आधी तपासावे, पुरावा पुरेसा आहे की नाही हे पाहावे, शंका असेल तर लेखकाला विचारावी, आणि समाधान झाल्यावरच निबंध छापावा, अशी ही व्यवस्था आहे. सामान्य वाचकाजवळ शोधनिबंध तपासण्याइतकी विद्या नसते आणि तेवढा वेळही नसतो. अमुक पत्रिकेत छापून आले, एवढ्यावरच तो विश्वास ठेवतो. रोग्याला औषध देणारा डॉक्टर, शेतकऱ्याला बियाण्याचा सल्ला देणारा अधिकारी, वर्गात इतिहास शिकविणारा शिक्षक, हे सर्व त्याच विश्वासावर आपले काम करीत असतात. सराफच खोट्या नाण्यांचा व्यापार करू लागला तर बाजाराची जी दशा होईल, तीच दशा अप्रामाणिक पत्रिकांमुळे विद्येची होते.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या पंडितांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यातील मंठा हे एक तालुक्याचे गाव. अशा गावाच्या आसपास महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकाला मोठी ग्रंथालये व सुसज्ज प्रयोगशाळा जवळ नसतात. तासांचे ओझे मात्र शहरातल्याइतकेच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांसाठी गुणांकाची पद्धत घालून दिली, आणि छापून आलेल्या निबंधांना गुण मिळू लागले. त्याआधी, २००९ च्या नियमांनी, पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक निबंध परीक्षित पत्रिकेत प्रसिद्ध झालेला असावा, असे ठरविले होते. हेतू वाईट नव्हता. पण ज्याची चाकरी व बढती निबंधांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्याच्या दारात पैसे घेऊन पाहिजे ते छापून देणारा दुकानदार येऊन उभा राहिला, आणि मोह व गरज यांची गाठ पडली. ही गाठ कशी पडली, आणि तिच्यापूर्वी महाराष्ट्रात या बाबतीत कोणती रीत होती, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

युरोपात विद्वत्पत्रिकेचा जन्म १६६५ साली झाला. त्या वर्षाच्या जानेवारीत पॅरिस येथे एक व मार्चात लंडन येथे दुसरी, अशा दोन पत्रिका निघाल्या. लंडनची पत्रिका रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी काढली. तोपर्यंत शास्त्रज्ञ आपले शोध खाजगी पत्रांतून कळवीत, किंवा दुसऱ्याने चोरू नयेत म्हणून गूढ अक्षरांत लपवून ठेवीत. पत्रिकेने त्यांच्याशी एक सौदा केला: शोध सर्वांपुढे उघडा करावा, त्याच्या बदल्यात तो प्रथम कोणी लावला याची तारीखवार नोंद कायम राहील. शोध उघडा झाला की तो तपासण्याचा हक्क सर्वांना मिळतो. पुढे साडेतीनशे वर्षांत पत्रिकांची रूपे पुष्कळ बदलली, तरी त्यांच्या नीतीचा पाया या सौद्यातच आहे.

ही रीत मुंबईच्या वाटेने महाराष्ट्रात आली. १८७२ साली मुंबईत जेम्स बर्जेस यांनी 'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक सुरू केले. त्याच्या पहिल्याच वर्षात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा पतंजलीच्या काळाविषयीचा निबंध आला. महाभाष्यातील उदाहरणे बारकाईने तपासून भांडारकरांनी असे दाखविले की, त्या ग्रंथाचा एक भाग ख्रिस्तपूर्व १४४ ते १४२ या सुमारास, पुष्यमित्र राजाच्या कारकीर्दीत लिहिला गेला असला पाहिजे. बर्लिनचे प्रख्यात पंडित आल्ब्रेख्ट वेबर यांना हे मत मान्य नव्हते. वेबर हे त्या काळी संस्कृत विद्येतील मोठे अधिकारी मानले जात, आणि भांडारकर त्या वेळी पस्तिशीतले, एका पारतंत्र्यातील देशाचे अध्यापक होते. तरीही मासिकाने दोघांनाही जागा दिली. वेबरांचे आक्षेप आले, भांडारकरांचे उत्तर आले, आणि पुराव्यांचा झगडा वाचकांसमोर उघडपणे झाला. कोणाचे पद मोठे, हा प्रश्न तेथे गौण ठरला. ज्या पत्रिकेत लहान माणसाला मोठ्या माणसाची चूक दाखविता येते, ती पत्रिका प्रामाणिक समजावी, ही कसोटी महाराष्ट्राला इतक्या आधीपासून ठाऊक आहे.

मराठी भाषेत या कार्याचा आरंभ १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाने झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा त्यामागे पुढाकार होता. जनार्दन बाळाजी मोडक व काशिनाथ नारायण साने यांनी संपादनाचे कष्ट सोसले. जुन्या बखरी, पत्रे व काव्ये यांचे बाड वाड्यांच्या माळ्यावर कसर खात पडले होते. ते कोणी तरी छापले पाहिजे, ही तळमळ होती. पण छापताना एक नैतिक प्रश्न पुढे येतो आणि तो आजही तितकाच जिवंत आहे. मूळ कागदात चूक दिसली तर ती सुधारावी काय? पूर्वजांना कमीपणा आणणारा मजकूर असेल तर तो गाळावा काय? अशा प्रसंगी संपादकाच्या हातातील लेखणी हीच त्याची सत्त्वपरीक्षा असते. वाचकाला न सांगता एक शब्द बदलला, तरी त्या कागदाची साक्ष बाटली.

या प्रश्नाचे सर्वांत कडक उत्तर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी दिले. १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. वाई येथे हाती आलेली पानिपतच्या काळातील पत्रे पाहून राजवाड्यांना कळून चुकले की, घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या दिवशी लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय असते. बखरीतील तारखा, माणसांच्या जागा व लढायांचा क्रम यांत किती घोटाळे आहेत हे त्यांनी पत्रांच्या आधारे दाखविले. कागद अस्सल की नक्कल, समकालीन की मागाहूनचा, हे आधी ठरवावे आणि मग त्यावर मत उभारावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची स्वतःची काही मते पुराव्याच्या पुढे धावली, हे पुढील संशोधकांनी दाखविले. परंतु ते दाखविता आले, याचे कारण राजवाड्यांनी साधने छापून ठेवली होती. ज्याने पुरावा खुला ठेवला, त्याच्या चुका सुधारता येतात. ज्याने पुरावा दडविला, त्याचे खरे बोलणेही संशयास्पद होते.

१९१० साली राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या सभांत निबंध वाचले जात, जाणते लोक त्यांवर आक्षेप घेत, आणि मग ते मंडळाच्या इतिवृत्तांत व पुढे त्रैमासिकात छापले जात. आज ज्याला परीक्षकांची पद्धत म्हणतात तिचेच हे घरगुती रूप होते. लेखकाला आपल्या मताचा पुरावा भर सभेत मांडावा लागे.

या पद्धतीचे फळ कसे येते, याचे उदाहरण जेधे शकावलीचे आहे. कारीच्या जेधे देशमुख घराण्यात शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांची एक टिपणवजा यादी मिळाली. लोकमान्य टिळकांनी ती मंडळाच्या संमेलनवृत्तात १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवाजीमहाराजांची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी होती. बखरींवरून रूढ झालेली तिथी मात्र शके १५४९ ची होती. लोकांच्या मनात बसलेल्या तिथीला धक्का देणारा हा कागद टिळकांनी सारांशाने न सांगता समग्र छापला. त्यामुळे इतर संशोधकांना शकावलीतील शेकडो नोंदी एकेक करून इतर पुराव्यांशी ताडून पाहता आल्या. वाद पुष्कळ झाला. पुढे कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावर येथे सापडले, आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते १९२७ साली संपादून प्रसिद्ध केले. महाराजांच्या आश्रयाखालील त्या कवीनेही हीच तिथी दिली होती. राजस्थानातील जुन्या संग्रहात मिळालेल्या एका कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. परस्परांशी संबंध नसलेली तीन साधने एका मुद्द्यावर जुळली, तेव्हा बहुतेक इतिहासकारांनी ही तिथी मान्य केली. पहिल्या कागदावरच कोणी जयघोष केला असता, तर ते संशोधन झाले नसते. आणि परंपरेच्या भीतीने तो कागद दडविला असता, तर तेही पाप झाले असते.

याच सुमारास पुण्याच्या दुसऱ्या टोकाला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या जमवून, श्लोकाश्लोकाचे पाठ ताडून, सर्वांत जुना पाठ निश्चित करण्याचा हा उद्योग होता. संपूर्ण आवृत्तीसाठी १२५९ पोथ्या उपयोगात आणल्या गेल्या, आणि काम १९६६ साली पुरे झाले. सुखटणकर त्यापूर्वी तेवीस वर्षे, १९४३ सालीच निवर्तले होते. या आवृत्तीची नीती तिच्या पानाच्या रचनेत दिसते. वर संपादकाने स्वीकारलेला पाठ, आणि त्याखाली त्याने नाकारलेले पाठ, कोणत्या पोथीत कोणता ते सांगून. ज्याला संपादकाचा निर्णय पटणार नाही, त्याने त्याच पानावरील सामग्री घेऊन दुसरा निर्णय करावा. आपल्याविरुद्ध फिर्याद करण्याचे साधन संपादक स्वतःच वाचकाच्या हाती देतो, याहून मोठा प्रामाणिकपणा कोणता? वाल्टर रूबेन या जर्मन पंडिताने आवृत्तीच्या तत्त्वांवर टीका केली, तेव्हा सुखटणकरांनी १९३० साली संस्थेच्याच 'अ‍ॅनल्स' या पत्रिकेत तिचा मुद्देसूद परामर्श घेतला. टीका दडपली नाही, टीकाकाराची टवाळी केली नाही; प्रश्नाला प्रश्नाच्या जागी उत्तर दिले.

भौतिकशास्त्र व गणित यांत परीक्षकाकडे निबंध पाठविण्याची रीत विसाव्या शतकात हळूहळू पक्की झाली, आणि ती सर्वांना रुचली असे नाही. १९३६ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वलहरी असू शकत नाहीत असे सांगणारा निबंध अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू'कडे धाडला. संपादकांनी तो एका परीक्षकाला दाखविला व त्याचे आक्षेप कळविले. आपली परवानगी न घेता निबंध तिसऱ्याला दाखविला म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनी निबंध परत घेतला. परंतु दुसऱ्या पत्रिकेत तो छापून येण्यापूर्वी त्यांना स्वतःलाच त्यातील चूक पटली, आणि १९३७ साली निबंध निराळ्या निष्कर्षासह निघाला. परीक्षकाचे म्हणणे बरोबर होते. ज्या संपादकाने आइन्स्टाइनलाही कसोटीतून सूट दिली नाही, त्यानेच त्यांची लाज राखली असती. एवढाच या गोष्टीचा अर्थ.

महाराष्ट्राच्या परिसरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या चरित्रात पाहावयास मिळतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. बौद्ध धर्माचे महान अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्डला शिकून आलेला हा तरुण गणिती १९३१ च्या सुमारास अलीगढ येथे होता, आणि फ्रेंच गणिती आंद्रे वेय हेही तेथेच होते. वेय यांच्या सूचनेवरून, एका प्रतिस्पर्धी सहकाऱ्याची खोड मोडण्यासाठी, कोसंबींनी संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तीन पानांचा एक निबंध छापविला. त्यात त्यांनी एका सिद्धांताचे श्रेय डी. बुर्बाकी नावाच्या रशियन गणितीला दिले आणि तो राज्यक्रांतीच्या काळात विषप्रयोगाने मेल्याचे सांगितले. असा माणूस कधी झालाच नव्हता. निबंधातील गणित खरे, पण श्रेयाचा धनी कल्पित, असा तो विनोद होता. पुढे काही वर्षांनी वेय व त्यांच्या फ्रेंच मित्रांनी बुर्बाकी याच नावाने सामुदायिक ग्रंथलेखन केले आणि ते नाव जगप्रसिद्ध झाले. विनोद म्हणून ही हकीकत रंजक आहे. परंतु तीतून एक व्यवस्थेचे छिद्र दिसते: बुर्बाकीचा मूळ ग्रंथ कोठे आहे, असे छापण्यापूर्वी कोणी विचारले असते, तर तो निबंध जसाच्या तसा निघालाच नसता. संदर्भ तपासण्याचा कंटाळा हे सर्व वाङ्मयीन लबाड्यांचे प्रवेशद्वार आहे.

याच कोसंबींनी पुढे पुण्यात राहून शेकडो प्राचीन नाणी तराजूत तोलली आणि त्यांच्या झिजेवरून ती किती काळ चलनात असावीत याचे गणित मांडले. जनुकशास्त्रात १९४४ साली त्यांनी दिलेले एक सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी काढलेली चिकित्सक आवृत्ती सुखटणकरांच्या शिस्तीची आठवण करून देते. असा हा कडक पारखी. पण १९५९ साली त्यांनी रीमानच्या गृहीतकाशी निगडित एक दावा मांडला. गणितातील हा प्रश्न गेल्या शतकातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक होता, व अद्यापही तो सुटलेला नाही. कोसंबींचा निबंध प्रसिद्ध झाला तो मात्र भारतीय शेतकी संख्याशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत. त्या पत्रिकेचे क्षेत्र पीक, क्षेत्रफळ व नमुना-पाहणी यांचे. अंकशास्त्रातील असा दावा तपासणारे परीक्षक तेथे कोठून मिळणार? संभाव्यतेच्या आधारे केलेली ती मांडणी गणितज्ञांनी स्वीकारली नाही, आणि कोसंबींच्या लौकिकाला तिने बट्टा लावला. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. त्याला इतरही कारणे होती, पण हे प्रकरण त्यांत गणले जाते. योग्य परीक्षकाने त्या निबंधावर वेळीच बोट ठेवले असते, तर नुकसान पत्रिकेचे टळले असतेच. त्याहून अधिक, एका थोर विद्वानाचे टळले असते. कसोटी ही लेखकाची शत्रू नसून त्याची राखण आहे, हे यावरून दिसते.

येथवर जे दोष दिसले ते माणसांच्या उतावळेपणाचे, हौसेचे अथवा आळसाचे होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे घडले त्याची जात निराळी आहे. पूर्वी पत्रिकेचा खर्च वर्गणीदार व संस्था सोशीत. संगणकाच्या जाळ्यावर मजकूर विनामूल्य वाचावयास मिळावा, अशी चळवळ सुरू झाली. तिचा हेतू उदात्त होता. मग खर्च लेखकाकडून घ्यावा, अशी एक पद्धत निघाली. प्रामाणिक पत्रिकांनी ती प्रामाणिकपणे चालविली. परंतु वर्गणीदार असताना वाईट निबंध छापल्यास वाचक तुटे. लेखकच पैसे देऊ लागल्यावर निबंध नाकारल्यास उत्पन्न बुडू लागले. व्यापाराचे तोंड फिरले, आणि त्या फिरलेल्या तोंडावर लुटारू दुकाने उभी राहिली. कल्पित संपादक मंडळ, न विचारता घातलेली प्रतिष्ठितांची नावे, आठवड्यात निबंध छापण्याची हमी आणि परीक्षेचे नाव नाही, अशी त्यांची लक्षणे. अशा पत्रिकांना अमेरिकेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० साली भक्षक हे विशेषण दिले. हैदराबाद येथील ओमिक्स या प्रकाशनसंस्थेविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ साली दावा लावला, आणि २०१९ साली तेथील न्यायालयाने पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा निकाल दिला. भारत हे या धंद्याचे एक मोठे केंद्र झाले होते, ही लाजिरवाणी गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

यावर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ साली मान्य पत्रिकांची यादी काढली. तीत ३८,००० हून अधिक नावे होती, आणि काही हजार नावे विद्यापीठांनी सुचविलेली होती. या सुचविलेल्या नावांची पारख पुण्यात झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी त्यांतील १००९ पत्रिका तपासल्या आणि आपले निष्कर्ष २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. कसोटीस उतरल्या फक्त ११२. एकतृतीयांशाहून अधिक पत्रिकांजवळ पत्ता, संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीही धड नव्हती. निम्म्याहून अधिक पत्रिकांनी आपल्या नोंदणीविषयी किंवा मान्यतेविषयी खोटी माहिती दिली होती. म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याऐंशी नाणी खोटी, आणि ती विद्यापीठांच्याच शिफारशीने तिजोरीत आलेली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ पत्रिका यादीतून काढून टाकल्या.

पाठोपाठ वाङ्मयचौर्याचे नियमही २०१८ सालीच आले. प्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, साठ टक्क्यांहून अधिक असल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द, आणि मध्ये पायऱ्या, अशी त्यांची रचना. मग आयोगाने पुणे विद्यापीठाच्या साह्याने 'केअर' नावाची नवी, अधिक काटेकोर यादी सिद्ध केली, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. पण चोर पहारेकऱ्यापेक्षा चपळ निघाला. यादीत नाव येणे अवघड झाले, तेव्हा यादीतील नावेच चोरीस जाऊ लागली. जुन्या, सन्मान्य पत्रिकांचे नाव व नोंदणीक्रमांक उचलून त्यांच्या नकली आवृत्त्या जाळ्यावर उघडल्या गेल्या. कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाची 'अवर हेरिटेज' ही पत्रिका अशीच बळी पडली; संस्कृत विद्येच्या त्या पत्रिकेच्या नावाखाली भलत्याच विषयांचे निबंध पैसे घेऊन छापले गेले. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केल्याचे जाहीर केले, आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी काही मार्गदर्शक कसोट्या देऊन विद्यापीठे, महाविद्यालये व अध्यापक यांच्यावर सोपविली. प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांतून आधीच गेली होती.

या सर्व हकीकतीतून एक गोष्ट उघड होते. यादी हे सराफाने दिलेल्या शब्दाचे लेखी टाचण आहे. सराफाची नजर तिच्यात उतरत नाही. भांडारकर-वेबर वादाच्या वेळी कोणती यादी होती? जेधे शकावली छापताना टिळकांना कोणी गुण दिले? तेथे तीन गोष्टी होत्या: पुरावा समग्र मांडणे, विरुद्ध मताला जागा देणे, आणि चूक ध्यानात आली की ती उघडपणे सुधारणे. मुंबईतील काही डॉक्टरांनी व कार्यकर्त्यांनी १९९३ पासून वैद्यकीय नीतीला वाहिलेली एक पत्रिका चालविली, जी आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नावाने निघते. लंडनमध्ये १९९७ साली संपादकांनी एकत्र येऊन प्रकाशननीतीची समिती स्थापन केली. रोग्याची संमती घेतली काय, औषध कंपनीचा पैसा घेतला असल्यास तो सांगितला काय, ज्याने काम केले त्याचे नाव आले आणि न करणाऱ्याचे गाळले काय, चुकीचा निबंध कारणासह मागे घेतला काय, असे नव्या काळाचे प्रश्न या मंडळींनी धसास लावले. पण प्रश्न नवे असले तरी त्यांचे मूळ सूत्र त्या तीन गोष्टींतच सापडते.

आता तिजोरीची किल्ली पुन्हा गावोगावच्या महाविद्यालयांकडे आली आहे. तेथे दोन माणसे एकाच जागेसाठी उभी राहतील. एकाने दहा निबंध विकत छापून घेतलेले असतील. दुसऱ्याने दुधनेच्या खोऱ्यातील एखाद्या पिकाचा, मराठवाड्यातील एखाद्या जुन्या दप्तराचा किंवा बोलीतील एखाद्या शब्दाचा वर्षभर अभ्यास करून एकच निबंध लिहिलेला असेल, आणि परीक्षकाच्या आक्षेपांनी तो दोनदा परत आलेला असेल. निवड समितीने निबंध मोजले तर पहिला जिंकेल. निबंध वाचले तर दुसरा जिंकेल. वाचण्याला वेळ लागतो, विद्या लागते आणि प्रसंगी वरिष्ठांना नाही म्हणण्याचे धैर्य लागते. हे तिन्ही कोणत्याही आयोगाला टपालाने पाठविता येत नाहीत.

राजवाड्यांनी महाराष्ट्र पायी तुडवून कागद गोळा केले, त्या काळी त्यांना कोणी गुण दिले नाहीत. मंठ्याच्या अध्यापकाचा एक खरा निबंध जर पुण्याच्या, मुंबईच्या किंवा बर्लिनच्या विद्वानाची चूक दाखवू शकला, आणि एखाद्या पत्रिकेने तो न घाबरता, तपासून छापला, तर १८७२ साली मुंबईच्या त्या मासिकाने घालून दिलेली रीत अजून मोडलेली नाही असे समजावे.